अळ्या कढीपत्ता खातायत? खाऊ द्या की!

बाल्कनीत फुलपाखरं यावीत म्हणून लोक नर्सरीतून झेंडू, पेंटास, अजून काय काय आणतात आणि मग तक्रार करतात की येतात हो, पण थांबत नाहीत. थांबतील कशाला, रस पिऊन झाला की काम संपलं. घिरट्या घालत राहते ती मादी, आणि ती फुलांसाठी नाही तर पानांसाठी, कारण अंडी घालायला तिला ठराविकच झाड लागतं. आणि त्यातलं एक झाड आपल्याकडे बऱ्याच घरांत आधीच कुंडीत उभं असतं, ते म्हणजे कढीपत्ता.

कढीपत्ता, लिंबू, बेल ही सगळी एकाच कुळातली. लाईम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन या फुलपाखरांच्या अळ्या हाच पाला खातात. मादी पानावर पुढचे पाय आपटते, चव पायांनीच घेते (खरंच!) आणि झाड बरोबर वाटलं तर जेमतेम मिलिमीटरभर, फिकट पिवळं गोल अंडं चिकटवते. तीनचार दिवसांत अळी बाहेर. ती सुरुवातीला काळपट तपकिरी, त्यावर पांढरे डाग, म्हणजे थेट पक्ष्याने शिटल्यासारखी दिसते, त्यामुळे कुठला पक्षी तिला खायला जाईल? मग कात टाकत टाकत वाढते आणि शेवटच्या टप्प्यात अचानक हिरवीगार होते, कारण एवढी मोठी शीट कुणाला खरी वाटणार. आता हळूच बोट लावून बघा, डोक्यामागून लालसर, दोन टोकांचं शिंगासारखं काहीतरी बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. घाबरू नका, चावत बिवत नाही, तो वास मुंग्यांसारख्या शत्रूंना पळवायला.

याच टप्प्यात ती सगळ्यात जास्त खाते आणि याच टप्प्यात आपण फवारा उचलतो. कडुनिंबाचं तेल तर नैसर्गिक आहे ना, असं म्हणतात, पण त्याने अळीचं खाणं आणि कात टाकणं दोन्ही बिघडतं, म्हणजे मरतेच. त्यापेक्षा दोन कुंड्या ठेवा, एक आमटीला, एक अळ्यांना. जरा मोठं झाड पूर्ण बोडकं झालं तरी साधारण पुन्हा फुटतं.

महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखरू जाहीर केलं, असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य, आणि ते ब्लू मॉर्मनसुद्धा याच लिंबाच्या कुळावर वाढतं. जवळपास झाडी असेल तर तेही येईल, भर शहरात मात्र खात्री नाही. कढीपत्ता नकोच असेल तर रुई किंवा हळदीकुंकू नावाचं झाड लावा, प्लेन टायगर येतं. त्याची अळी या झाडांच्या चिकातलं विष अंगात साठवते, म्हणून ते फुलपाखरू पक्ष्यांना फारसं आवडत नाही आणि उडतंही निवांत. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका तेवढं.

अळी गायब झाली की लगेच कावळ्याने नेली असं समजू नका, कोष करायला ती बऱ्याचदा झाड सोडून जाते, ग्रिलवर, भिंतीवर शोधा. कोष आजूबाजूचं बघून हिरवा किंवा तपकिरी असतो म्हणून पटकन दिसत नाही. कधी कधी दहा-बारा दिवस वाट बघून त्यातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाशा निघतात, त्यांच्या आईने आधीच आत अंडी घातलेली असतात. वाईट वाटतं, पण बागेत जीव बोलावले की हेही पाहुणे येणारच, आणि खरं सांगायचं तर ते बघायलाही भारी असतं.