फूल राहू द्या, पान बघा

‘जगातलं सर्वांत जुनं फूल सापडलं’ ही बातमी अधूनमधून येतच असते. २०१८ साली चीनमधल्या ज्युरासिक (सुमारे २० ते साडेचौदा कोटी वर्षांपूर्वीच्या) खडकातलं ‘नानजिंगॅन्थस’ असंच गाजलं. ते फूल की सूचिपर्णी झाडाचा अवयव, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही, पण मथळ्यांना त्याचं काय! सपुष्प वनस्पती त्यानंतरच्या क्रिटेशस काळात (सुमारे साडेचौदा ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी) एकदम कशा फोफावल्या, हे कोडं डार्विनलाही छळत होतं. १८७९ साली वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र हूकरला लिहिलेल्या पत्रात त्याने तसं बोलूनही दाखवलं. माझ्या मते या कोड्याचा मोठा धागा फुलात नाही, पानात आहे.

पिंपळाचं पान पाण्यात कुजवून त्याची जाळी आपण सगळ्यांनीच कधी ना कधी वहीत जपलेली असते. ती उजेडासमोर धरा. जाड शिरेतून बारीक, त्यातून आणखी बारीक, आणि शेवटी डोळ्याला जेमतेम दिसणारे चौकोन. ही नळयोजना आहे. कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर पर्णरंध्रं उघडावी लागतात, आणि ती उघडली की पाणी उडून जातं. वायूच्या एका रेणूमागे पाण्याचे शेकडो रेणू! शीर संपते तिथून रंध्रापर्यंत पाण्याला पेशींमधून झिरपत जावं लागतं, आणि खरा अडथळा याच शेवटच्या टप्प्यात असतो. हे अंतर कमी झालं तर रंध्रं जास्त उघडी ठेवता येतात आणि प्रकाशसंश्लेषण वाढतं. (पिंपळ रात्रीही ऑक्सिजन सोडतो, असं सांगणारे संदेश इथेच बाद होतात. उजेड नसेल तर ऑक्सिजन नाही, झाड कितीही पवित्र असो.)

नेचे, सायकस, सूचिपर्णी यांच्या पानात १ चौरस मिलिमीटरमध्ये शिरांची एकूण लांबी सरासरी २ मिलिमीटरच्या आसपास भरते. सपुष्प वनस्पतींत ती ८ च्या घरात जाते. मग बाकीच्यांनी शिरा का नाही वाढवल्या? एक तर शिरा फुकट बनत नाहीत आणि हिरव्या पेशींची जागाही खातात, म्हणजे त्या बारीक हव्यात, पेशीही लहान हव्यात. दुसरं, शीर पानाच्या पृष्ठभागापासून जितकी खोल असते, त्यापेक्षा दोन शिरांमधलं अंतर कमी करून फारसा फायदा होत नाही. दाटी वाढवायची तर शिरा रंध्रांच्या जवळही आणायला हव्यात, एकूण पानाची घडणच बदलायला हवी.

हे सगळं दगडात वाचता येतं. अमेरिकेत व्हर्जिनिया-मेरीलँडमधल्या क्रिटेशस काळातल्या पोटोमॅक खडकथरांतली पानं हिकी आणि डॉइल या पुरावनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७७ साली क्रमवार मांडली. खालच्या, म्हणजे जुन्या थरात पानं साधी, शिरा वेड्यावाकड्या, त्यांच्यामधल्या जागा लहानमोठ्या. वरच्या थरांत खंडित आणि संयुक्त पानं येतात, शिरांना शिस्त लागते. पुढे जीवाश्मांत शिरांची दाटी मोजली, तेव्हा सुरुवातीची सपुष्प पानं नेच्यांच्याच पंगतीत निघाली. मोठी उडी दिसते ती सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे फुलं आधी आली, दाट जाळी नंतर.

आपल्याकडे झारखंडच्या राजमहाल टेकड्यांत, क्रिटेशसच्या पूर्वार्धातल्या थरांत, ‘टिलोफायलम’ या सायकससारख्या नामशेष वनस्पतीची पानं मिळतात. पर्णिकांत शिरा शेजारीशेजारी धावतात, जाळं नाही. दख्खनच्या लाव्हाथरांमधल्या तळ्यांच्या गाळात, म्हणजे क्रिटेशसच्या अखेरीस, चित्र पालटलेलं असतं. वर्धा जिल्ह्यातल्या नवरगावला आणि छिंदवाड्याजवळच्या मोहगाव कलानला सिलिकेने दगड झालेली ताडवर्गीय खोडं आणि सपुष्प वनस्पतींची फळं सापडली आहेत.