दोनदा बारा वाजले तो रविवार

१८ नोव्हेंबर १८८३ या रविवारी न्यूयॉर्कमध्ये दुपारचे बारा दोनदा वाजले. शहराच्या जुन्या स्थानिक वेळेप्रमाणे बारा वाजून गेले आणि त्यानंतर जवळजवळ ४ मिनिटांनी नव्या प्रमाणवेळेचे बारा वाजले. हा बदल सरकारने नव्हे, तर रेल्वे कंपन्यांनी आपापसांत ठरवून घडवून आणला होता. अमेरिकी काँग्रेसने त्याला कायद्याचे रूप दिले ते थेट १९१८ मध्ये.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे लागतात. न्यूयॉर्कच्या अक्षांशावर एक रेखांश सुमारे ८४ किलोमीटरचा असल्यामुळे पूर्व-पश्चिम दिशेने २१ किलोमीटर गेले की स्थानिक वेळ एका मिनिटाने बदलते. घोडागाडीने दिवसभर प्रवास करणाऱ्याला हा फरक जाणवण्याचे कारणच नव्हते. आगगाडीच्या प्रवाशाला मात्र तो अर्ध्या तासात गाठत असे.

त्या काळच्या वृत्तपत्रांत अग्रलेखांइतक्याच बोलक्या आहेत त्या गाड्यांच्या वेळापत्रकांच्या जाहिराती. गाडी किती वाजता सुटेल याबरोबरच ते ‘किती’ कोणत्या शहराच्या घड्याळाप्रमाणे मोजायचे, हेही त्यांत सांगावे लागे. बफेलोच्या स्थानकात तीन घड्याळे होती: एक न्यूयॉर्कच्या वेळेचे, एक ओहायोतल्या कोलंबस शहराच्या वेळेचे आणि एक खुद्द बफेलोचे. दोन्ही दिशांच्या गाड्या एकाच रुळावरून धावणाऱ्या एकेरी मार्गावर वेळेतली चूक जिवावर बेतू शकत असे. ऑगस्ट १८५३ मध्ये ऱ्होड आयलंडमधील व्हॅली फॉल्सजवळ दोन गाड्या समोरासमोर धडकून दहाहून अधिक माणसे दगावली, आणि कंडक्टरचे मागे पडलेले घड्याळ हे त्याचे एक कारण ठरले.

चार्ल्स डाऊड या शिक्षकाने कालविभागांची कल्पना १८७० च्या सुमारास मांडली होती. कंपन्यांच्या वेळापत्रक परिषदेचे सचिव विल्यम ॲलन यांनी ती निराळ्या, व्यवहार्य रूपात ऑक्टोबर १८८३ मध्ये शिकागो येथे मंजूर करून घेतली. ग्रीनिचच्या पश्चिमेकडील ६०, ७५, ९०, १०५ आणि १२० अंशांच्या रेखावृत्तांवर पाच विभाग बेतले गेले. प्रत्येकात नेमका एका तासाचा फरक होता, त्यामुळे मिनिटांचा हिशेब कायमचा संपला.

विरोध झाला. इंडियानापोलिसच्या ‘सेंटिनेल’ या वृत्तपत्राने तर सूर्याची सद्दी संपली आणि आता लोकांना लग्नेही रेल्वेच्या वेळेने लावावी लागतील, अशा आशयाची टीका केली. ही वेदना खरी होती, पण तिच्यामागचे खगोलशास्त्र अपुरे होते, असे मला वाटते. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने आणि तिचा अक्ष कललेला असल्याने सूर्य वर्षभर एकाच वेळी माथ्यावर येत नाही; म्हणून शहरांची घड्याळे १८८३ च्या आधीच प्रत्यक्ष सूर्याऐवजी गणिती सरासरीने, म्हणजे मध्यम सौर वेळेने, चालत होती. नोव्हेंबरच्या मध्याला या दोहोंत सुमारे १५ मिनिटांचे अंतर असते. त्या रविवारी न्यूयॉर्कच्या जुन्या घड्याळाप्रमाणेही खरा मध्यान्ह ११ वाजून ४५ मिनिटांच्या सुमारास झाला होता. नव्या घड्याळात तो ११:४१ च्या सुमारास झाला, एवढाच काय तो फरक. ज्या सूर्याच्या नावाने लोक भांडत होते, त्याची साथ त्यांच्या खिशातल्या घड्याळाने केव्हाच सोडली होती.

डेट्रॉइटची तक्रार मात्र अधिक सबळ होती. ज्या विभागात ते शहर घातले गेले त्याच्या ९० अंशांच्या रेखावृत्तापासून ते बरेच पूर्वेला असल्यामुळे तेथे घड्याळे २८ मिनिटे मागे न्यावी लागणार होती, म्हणजे नोव्हेंबरात सूर्य सव्वाअकरालाच माथ्यावर आला असता आणि संध्याकाळ तेवढीच लवकर झाली असती. विसावे शतक उजाडेपर्यंत ते शहर आपल्या स्थानिक वेळेला धरून राहिले. भारतीय प्रमाणवेळेहून ३९ मिनिटे मागे असलेली आपली वेळ १९५५ पर्यंत जपणाऱ्या मुंबईला डेट्रॉइटकरांचा हा हट्ट सहज समजला असता.