कुत्र्याच्या गाठीला हात लागला की माणसाला कॅन्सर होतो का?

सांगलीत सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज दर पावसाळ्यात फिरतोच, की भटक्या कुत्र्याच्या लघवीच्या जागी लाल, रक्त गळणारी गाठ दिसली तर लांब राहा, तो कॅन्सर माणसाला लागतो.

आता यातलं अर्धं खरंय, म्हणून तर पटतं. ती गाठ खरंच कॅन्सर असते आणि खरंच लागण होते, पण कुत्र्याकडून कुत्र्याला. व्हायरस वगैरे काही नाही, मेटिंगच्या वेळी, चाटताना, हुंगताना जिवंत कॅन्सरच्या पेशीच दुसऱ्या कुत्र्यात जाऊन रुजतात. हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या त्या पेशी, अजून जगतायत! (भन्नाटच आहे हे.) कुत्र्याच्या साध्या पेशीत ७८ गुणसूत्रं असतात, यात साधारण ५७ ते ६४, म्हणजे गाठ त्या कुत्र्याची स्वतःची नसतेच. माणसाच्या शरीराला तर त्या पूर्ण परक्या, तिथं त्या रुजत नाहीत.

खात्री करायचीय तर जनावरांच्या डॉक्टरला विचारा, गाठीच्या पेशींचा पातळ थर (स्मिअर) काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघतात. व्हिन्क्रिस्टिन या कॅन्सरवरच्या औषधाची इंजेक्शनं आठवड्याला एक अशी काही आठवडे दिली की बहुतेक कुत्री बरी होतात. कुत्रं चावलं तर मात्र रेबीजची लस लगेच घ्या, तो विषय वेगळा.