ॲम्प्लिट्यूड की इम्पिडन्स? सोंगल्याओच्या सरोवरातली वाळू शोधताना

ईशान्य चीनमधल्या सोंगल्याओ खोऱ्यात क्रिटेशस काळात एक विस्तीर्ण सरोवर होतं. त्यात उतरणाऱ्या नद्यांच्या त्रिभुज प्रदेशांतल्या वालुकाश्मातून २६ सप्टेंबर १९५९ला सोंगजी-३ या विहिरीत तेल लागलं. तेच पुढे दाचिंग क्षेत्र झालं. सरोवर उथळ, उतार मंद. त्यामुळे नदीचे फाटे वाळूचे अरुंद पट्टे टाकत दूरवर गेले, आणि बरेचसे थर जेमतेम काही मीटर जाड राहिले. अशी वाळू शोधायला सिस्मिक सर्वेक्षण करतात: जमिनीत ध्वनिलहरी सोडायच्या आणि खालच्या थरांवरून परतणाऱ्या लहरी नोंदवायच्या. त्यातून निघणारा ॲम्प्लिट्यूडचा, म्हणजे परतलेल्या लहरीच्या जोराचा, नकाशा आणि इम्पिडन्सचा नकाशा यांतली गल्लत सगळ्यात महागात पडते ती अशाच खडकांत.

ॲम्प्लिट्यूड हा दोन थरांमधल्या सीमेचा गुण आहे, इम्पिडन्स हा थराचा स्वतःचा. इम्पिडन्स म्हणजे घनता गुणिले ध्वनिवेग. उदाहरणादाखल, वाळू २.३० ग्रॅम प्रति घनसेंमी आणि ३,५०० मीटर प्रति सेकंद धरली तर ८,०५०, शेल (चिखलाचा घट्ट झालेला खडक) २.४५ आणि ३,२०० धरला तर ७,८४०. फरकाला बेरजेने भागलं की परावर्तन गुणांक मिळतो, म्हणजे सीमेवरून लहर किती जोराने परतते ते: इथे फक्त ०.०१३. आता त्याच शेलवर सेंद्रिय द्रव्याने भरलेला, २.३० आणि २,७०० चा तेलशेल ठेवा. गुणांक ०.११६, म्हणजे जवळपास नऊपट, आणि वाळूचा कणही नाही.

सोंगल्याओत नेमकं हेच घडतं. चिंगशानकोउ या शेलच्या स्तराच्या तळाशी टी-२ नावाचं ठळक परावर्तन आहे आणि फूयू हा तेल असलेला वाळूचा थर त्याच्या लगेच खाली. टी-२ची लहर इतकी जोरदार की खालच्या वाळूची क्षीण लहर तिच्यात बुडून जाते. तिथला ॲम्प्लिट्यूड नकाशा बहुतांशी वरच्या शेलचा असतो. म्हणून आधी टी-२चा वाटा वजा करावा, मगच नकाशा काढावा.

जाडीचाही फसवा खेळ आहे. वेग ३,२०० आणि प्रभावी वारंवारता ४० हर्ट्झ असेल तर तरंगलांबी ८० मीटर, तिचा चौथा हिस्सा २० मीटर. त्याहून पातळ थराचा माथा आणि तळ वेगळे दिसत नाहीत; ॲम्प्लिट्यूड जाडीबरोबर कमी होते. ५ मीटरची चांगली वाळू फिकी आणि २० मीटरची सुमार वाळू झगझगीत दिसू शकते. शून्य-फेज डेटाची (ज्यात लहरीचं शिखर किंवा दरी थराच्या सीमेवर बसते) फेज ९० अंशांनी फिरवली की लहरीचं शिखर किंवा दरी थेट पातळ वाळूवर बसते. हा स्वस्त उपाय आधी करून पाहावाच.

इन्व्हर्जन करून, म्हणजे नोंदलेल्या लहरींवरून उलट गणित मांडून, इम्पिडन्स काढला की सगळं सुटतं, असंही नाही. सिस्मिकमध्ये साधारण ८–१० हर्ट्झखालची माहिती नसते. ती विहिरींच्या सॉनिक आणि घनता लॉगमधून, म्हणजे विहिरीत उपकरण उतरवून घेतलेल्या ध्वनिवेग आणि घनतेच्या नोंदींतून, भरावी लागते. विहिरी विरळ असल्या की नकाशावर प्रत्येक विहिरीभोवती गोल डाग उमटतात. ती वाळू नसते, आपणच घातलेलं मॉडेल असतं. शिवाय चुन्याने घट्ट झालेल्या वालुकाश्माचा इम्पिडन्स खूप जास्त असतो, पण त्यात तेलाला जागाच नसते.

त्यामुळे पहिलं काम विहिरीतच: लॉगवरून वाळू आणि शेलच्या इम्पिडन्सचा क्रॉसप्लॉट (ठिपक्यांचा आलेख) काढा. दोन्हींचे ठिपके एकमेकांत मिसळले तर केवळ पी-इम्पिडन्सवर (पी म्हणजे दाब-लहरींच्या वेगावरून काढलेल्या, आतापर्यंतच्याच इम्पिडन्सवर) पैसे घालू नका. शिअर-सॉनिक लॉग (एस म्हणजे कातर-लहरींच्या वेगाची नोंद) आणि प्री-स्टॅक गॅदर (एकत्र बेरीज करण्याआधीच्या सिस्मिक नोंदी) घेऊन पी आणि एस वेगांच्या गुणोत्तराकडे वळा. ठिपके वेगळे पडले तर इन्व्हर्जन करा, पण दोन-तीन विहिरी मॉडेलबाहेर ठेवा, आणि तिथली वाळू नकाशाने स्वतःहून दाखवली तरच पुढची विहीर त्यावर आखा.