मेमरी ड्रायव्हरचे मॉड्यूलीकरण

कर्नलच्या (कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या) मुख्य प्रतिमेत कायम बांधलेला मेमरी ड्रायव्हर वेगळा काढून त्याला हवे तेव्हा चढवता-उतरवता येणाऱ्या मॉड्यूलचे रूप देण्याची प्रक्रिया. मेमरी ड्रायव्हर म्हणजे येथे युनिक्सवर्गीय प्रणालींतील /डेव्ह/मेम व /डेव्ह/केमेम या फायलींमागचा कोड. पहिलीतून संगणकाची प्रत्यक्ष मेमरी, तर दुसरीतून कर्नलची आभासी मेमरी वाचता-लिहिता येते. फ्रीबीएसडी या प्रणालीत २००४ साली झालेला बदल हे याचे ठळक उदाहरण असून प्रस्तुत नोंद मुख्यतः त्याविषयी आहे.

मॉड्यूल पद्धतीचा उगम : फ्रीबीएसडीतील आरंभीची ‘एलकेएम’ (चढवता येणारी कर्नल मॉड्यूले) यंत्रणा टेरेन्स लॅम्बर्ट यांची. ती सन कंपनीच्या सनओएस ४.१.३ (सुमारे १९९२) या युनिक्स प्रणालीतील तशाच सोयीच्या धर्तीवर बेतली होती, असे फ्रीबीएसडीचे स्वतःचे माहितीपृष्ठ सांगते. म्हणजे या शाखेचे मूळ तरी निश्चित आहे. लिनक्सचे तसे नाही. तेथील जुन्या मॉड्यूल फायलीच्या शीर्षटिपणात मूळ कर्ता ‘अनामिक’ असून त्यापुढे ‘माझ्या माहितीप्रमाणे’ अशी पुस्ती आहे. लिनक्सची आवृत्ती बास लारहोवेन यांची, ०.९९.१४ साठीची (बहुधा १९९३ अखेर) जॉन टूम्ब्स यांची आणि मोठे फेरफार ब्यॉर्न एकवाल यांचे (मे १९९४), असा पुढचा क्रम आहे. पहिल्या दोन नावांपुढे वर्ष नसल्याने अग्रक्रमाचा निर्णय केवळ यादीतील क्रमावरून करणे धाडसाचे ठरेल. सनओएसचा आदर्श दोन्हींमागे होता असे मानण्याचा मोह होतो. मात्र लिनक्सची शाखा स्वतंत्र धरणे अधिक सयुक्तिक दिसते. फ्रीबीएसडीत ३.० आवृत्तीपासून (१९९८) डग रॅब्सन यांच्या ‘केएलडी’ या नव्या मॉड्यूल यंत्रणेने एलकेएमची जागा घेतली. पुढील बदल केएलडीच्याच आधारे झाला.

२००४ चा बदल : फ्रीबीएसडीच्या १ ऑगस्ट २००४ च्या बदलनोंदीनुसार मेम, आयओ (प्रोसेसरच्या आय/ओ पोर्टांपर्यंत पोहोचण्याचे साधन) आणि नल (लिहिलेले टाकून देणारे) व झीरो (वाचल्यास शून्येच देणारे) ही उपकरणे मॉड्यूल झाली. काम मार्क मरे यांचे. ड्रायव्हरचा सर्व प्रोसेसरांना समान असलेला भाग एका फायलीत आणि प्रोसेसरनिष्ठ भाग दुसरीकडे, अशी विभागणी करण्यात आली. मॉड्यूल चढताना उपकरणनोंदी (/डेव्ह मधील फायली) तयार होतात. मालक रूट, गट केमेम. उतरताना त्या नष्ट होतात. ५.० आवृत्तीपासून (२००३) डेव्हएफएस (उपकरणनोंदी आपोआप ठेवणारी फाइलप्रणाली) रूढ झाले नसते, तर या नोंदी हाताने कराव्या लागल्या असत्या आणि मॉड्यूल करूनही फारसे साधले नसते.

दुसऱ्याच दिवशीच्या नोंदीत नल व झीरोपुरता बदल मागे घेतला गेला. कारण दिले आहे ते ‘फारच अप्रिय’ ठरल्याचे. नको असलेले आउटपुट टाकून देण्यासाठी प्रणाली सुरू करणाऱ्या स्क्रिप्टाही नल वापरतात, तेव्हा त्याच्याविना चालणारी प्रणाली जवळजवळ कल्पनेतच असू शकते. मेमचे तसे नाही. पीएससारखी (चालू प्रक्रियांची यादी देणारी) साधने कर्नलची माहिती घेण्यासाठी मेमऐवजी हळूहळू सिसकंट्रोल (sysctl) या सोयीकडे वळली होती. तत्कालीन एक्स सर्व्हरला (पडद्यावरील चित्रमय खिडक्या हाताळणाऱ्या प्रोग्रामला) मात्र मेम व आयओ लागत. म्हणून कर्नल स्वतः बांधणाऱ्यांनी कॉन्फिगरेशनमध्ये ‘डिव्हाइस मेम’ ही ओळ घालावी, किंवा लोडरच्या (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) फायलीतून मॉड्यूल चढवावे, अशी सोय ठेवली गेली. प्रणालीसोबत तयार मिळणाऱ्या जेनेरिक कर्नलमध्ये ती ओळ असल्याने सामान्य वापरकर्त्याला फरक जाणवला नाही.

सुरक्षा : फ्रीबीएसडीत सिक्युअरलेव्हल (कर्नलची सुरक्षा पातळी) १ वा त्याहून अधिक असताना मॉड्यूल चढवता वा उतरवता येत नाहीत, मेम व केमेम लिहिण्यासाठी उघडताही येत नाहीत. मेम नसलेली प्रणाली त्या पातळीवर नेली, की ती पुन्हा सुरू केल्याशिवाय ड्रायव्हर आत आणण्याचा अधिकृत मार्ग उरत नाही. मॉड्यूलीकरणाचा हा फायदा जागेच्या बचतीपेक्षा मोठा म्हणावा लागेल. हा ड्रायव्हर मुळातच लहान आहे.

लिनक्समध्ये हाच ड्रायव्हर मॉड्यूल झालेला नाही. /डेव्ह/मेम कर्नल बांधताना ठेवता वा वगळता येते, तिसरा पर्याय नाही. /डेव्ह/केमेम ५.१३ आवृत्तीत (२०२१) काढून टाकण्यात आले.