कळलावं पात्र (कथालेखन)

कळलावं पात्र म्हणजे कथा, कादंबरी किंवा नाटकातला असा माणूस जो स्वतः फारसं काही करत नाही, दुसऱ्याच्या हातनं करवून घेतो, आणि तेही अशा बेताने की करणाऱ्याला शेवटपर्यंत वाटत राहतं हे आपलंच डोकं चाललं, आपलाच निर्णय होता. हल्ली लिहिणारे सरळ मॅनिप्युलेटिव्ह कॅरेक्टर म्हणतात आणि तो शब्द आता रुळलाय, पण आपल्याकडे शब्द कधी कमी नव्हते, कान भरणारा, काड्या घालणारा, गोडबोल्या, आतल्या गाठीचा, पाताळयंत्री, केसाने गळा कापणारा, आणि यातला प्रत्येक शब्द वेगळा माणूस डोळ्यापुढे आणतो. गोडबोल्या सारखा बोलत असतो, आतल्या गाठीचा तोंडच उघडत नाही. या नोंदीसाठी कळलाव्या हा शब्द घेतलाय त्याला कारण आहे. मराठीत कळ म्हणजे भांडण, कळ म्हणजे दुखणं, आणि कळ म्हणजे यंत्राचं बटणसुद्धा, त्यावरनंच दोरीवर नाचते ती कळसूत्री बाहुली. समोरच्याचं दुखणं कुठंय ते हेरायचं, तिथलं बटण दाबायचं आणि भांडण लागलं की आपण बाजूला उभं राहायचं, हे सगळं काम या एका शब्दात मावतं.

खलनायक आणि कळलाव्या यांची गल्लत नेहमी होते. खलनायकाकडे ताकद असते, पैसा असतो, माणसं असतात, तो धमकी देऊ शकतो. कळलाव्याकडे बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. रामायणातली मंथरा दासी आहे, शकुनी बहिणीच्या सासरी राहणारा पाहुणा आहे, शेक्सपियरच्या ‘ऑथेल्लो’मधला इयागो हाताखालचा अधिकारी आहे. ज्याला हुकूम देता येत नाही तो कानाशी लागतो. नव्या लेखकांनी हे आधी लक्षात घ्यावं, कारण पात्राला बंगला, गाडी आणि चार गुंड दिले की त्याला कुणाला फसवायची गरजच उरत नाही.

आधी फसणारा लिहायचा

हे पात्र पटत नाही तेव्हा दोष साधारण त्याच्यात नसतो, फसणाऱ्यात असतो. लेखक कळलाव्यावर इतका खूश असतो, त्याच्या डोक्यावर, त्याच्या डावपेचांवर, की समोरच्याला नुसता बावळट करून ठेवतो, आणि वाचक दुसऱ्याच पानावर म्हणतो की अरे याला कळत कसं नाही. खऱ्या आयुष्यात फसवल्या गेलेल्या माणसाला हाच प्रश्न सगळे विचारतात आणि तो फार क्रूर प्रश्न आहे, कारण फसताना त्या माणसाने जे जे केलं ते त्या त्या वेळी शहाणपणाचंच होतं. गोष्टीने निदान एवढं तरी दाखवावं की मी तिथे असतो तर मीही हेच केलं असतं.

वाल्मीकींनी हे कसं केलंय ते अयोध्याकांडात बघण्यासारखं आहे. मंथरा गच्चीवरनं सजलेली अयोध्या बघते, रामाला उद्या युवराजपद मिळणार हे तिला कळतं आणि ती तडक कैकेयीकडे जाते. आणि कैकेयी चक्क आनंदित होते! बातमी आणली म्हणून मंथरेला दागिना देते, राम आणि भरत मला सारखेच आहेत म्हणते. म्हणजे हे मन आधीपासनं कुजलेलं नव्हतं. मंथरा दागिना फेकून देते आणि मग एकेक गोष्ट पुढे ठेवते, आणि ती बहुतेक नुसत्या शक्यता आहेत, ज्या खोट्या आहेत असं कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. भरत आत्ताच नेमका आजोळी आहे. राम राजा झाला की कौसल्या राजमाता होईल, आणि जिला तू आजवर खाली दाखवलंस ती सवत तुला सोडेल का. रामानंतर रामाचा मुलगा गादीवर येईल, भरताचं घराणं कायमचं बाजूला पडेल. राज्याचा लोभ तिने दाखवलाच नाही, तिने भीती दाखवली, आणि तीही आईला मुलाबद्दलची. शेवटी ते दोन वर, जे दशरथाने कधीकाळी देवासुर युद्धात दिले होते आणि कैकेयीच्या लक्षातही राहिले नव्हते, त्यांची आठवण मंथरा करून देते आणि वर म्हणते की तूच तर मला हे सांगितलं होतंस. समोरच्याची जुनी वस्तू त्याच्याच हातात परत देणं, हे या कामातलं सगळ्यात धारदार हत्यार आहे.

महाभारतातल्या सभापर्वात शकुनीचं गणितही असंच फसणाऱ्यापासनं सुरू होतं. तो दुर्योधनाला सांगतो की युधिष्ठिराला द्यूत आवडतं पण खेळता येत नाही, आणि बोलावलं तर तो नाही म्हणू शकणार नाही. तीन गोष्टी, आवड, कच्चेपणा आणि मान. पात्राची वही करताना लेखकाने आपल्या फसणाऱ्याबद्दल या तीन ओळी लिहून काढल्या तरी निम्मं काम होतं.

इयागो काय करतो

‘ऑथेल्लो’ १६०४ मध्ये लंडनला दरबारात झाल्याची नोंद आहे, मराठीत महादेवशास्त्री कोल्हटकरांनी ते १८६७ मध्ये आणलं आणि देवलांनी १८९० मध्ये त्यावरनं ‘झुंजारराव’ केलं, म्हणजे मराठी प्रेक्षक या माणसाला दीडशेहून जास्त वर्षं ओळखतो. ऑथेल्लो सेनापती, डेस्डिमोना त्याची नवी बायको, कॅसिओ त्याच्या हाताखालचा अधिकारी, आणि इयागोला ऑथेल्लोच्या मनात या दोघांबद्दल संशय पेरायचाय. तिसऱ्या अंकातला तिसरा प्रवेश कळलावं पात्र लिहू बघणाऱ्या प्रत्येकाने पेन्सिल घेऊन वाचावा असा आहे. कॅसिओ डेस्डिमोनाशी बोलून निघून जातो तेवढ्यात इयागो पुटपुटतो की हे मला बरं दिसत नाही. काय म्हणालास विचारलं तर काही नाही म्हणतो. तो कॅसिओच होता ना, असं ऑथेल्लो विचारतो, तर हा म्हणतो छे, तो असा चोरासारखा कशाला जाईल. आरोप झालाच नाही, उलट कॅसिओची बाजू घेतली, पण चोरासारखा हा शब्द खोलीत राहिला. मग तो ऑथेल्लोचेच शब्द नुसते परत म्हणत राहतो, इतके की ऑथेल्लो चिडतो, याच्या मनात काहीतरी भयंकर आहे आणि हा लपवतोय असं त्याला वाटतं. आता ओढायचं काम ऑथेल्लोच करतोय. वर इयागोच त्याला बजावतो की संशयापासनं जपा, आणि तिने बापाला फसवून तुमच्याशी लग्न केलं एवढंच आपलं आठवण म्हणून सांगतो, जे खरंच आहे.

यात क्रम महत्त्वाचा आहे. धडधडीत खोटं, म्हणजे कॅसिओचं झोपेतलं बोलणं आणि ऑथेल्लोने डेस्डिमोनाला दिलेल्या रुमालाने त्याला दाढी पुसताना पाहिल्याचं, हे ऑथेल्लो स्वतः पुरावा मागतो त्याच्यानंतर येतं. आधी खरं, मग अर्धवट, मग गप्प राहणं, आणि खोटं फक्त मागणी आली की. बहुतेक नवखे लोक उलटं लिहितात, पहिल्याच भेटीत मोठी थाप, आणि मग ती सांभाळायला दहा योगायोग.

दुसरी गोष्ट म्हणजे इयागोचे सल्ले चांगले असतात. नोकरी गेलेल्या कॅसिओला तो सांगतो की डेस्डिमोनाला भेट, ती दयाळू आहे, नवऱ्याकडे शब्द टाकेल. कुठलाही भला मित्र हेच सांगेल! ती शब्द टाकते, पुन्हा पुन्हा टाकते, आणि तिचा प्रत्येक शब्द ऑथेल्लोच्या डोळ्यात पुरावा होत जातो. तिचा चांगुलपणाच तिच्यावर उलटतो, आणि म्हणून या नाटकाचा शेवट बघवत नाही.

दिव्यांची गोष्ट

गॅसलायटिंग, म्हणजे समोरच्याला स्वतःच्याच डोळ्यांवर आणि आठवणीवर शंका घ्यायला लावणं, हा शब्द आता व्हॉट्सअ‍ॅपवरही दिसतो, एका मोठ्या अमेरिकन शब्दकोशाने २०२२ चा वर्षाचा शब्द म्हणून तो निवडला होता. आला पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८ च्या ‘गॅस लाइट’ या नाटकावरनं, ज्यावर १९४४ मध्ये इन्ग्रिड बर्गमनचा सिनेमा झाला. लोकांना वाटतं नवरा बायकोला वेडी ठरवायला मुद्दाम दिवे कमीजास्त करतो. तसं नाहीये. तो मुद्दाम करतो ते वेगळं, वस्तू लपवतो, भिंतीवरचं चित्र काढतो आणि तूच केलंस म्हणतो. दिवे मंद होतात कारण तो चोरून वरच्या बंद मजल्यावर दागिने शोधायला जातो, तिथला गॅस लावतो आणि खालच्या दिव्यांचा दाब कमी होतो. म्हणजे दिवे हा त्याचा डाव नसून त्याची चूक आहे, आणि तिला दिसणारी तेवढी एकच खरी गोष्ट. लेखकाने हे उचलावं. डाव कितीही पक्का असला तरी त्याची एक ऊब, एक वास, एक मंद होणारा दिवा फसणाऱ्यापर्यंत पोचला पाहिजे, तिने तो बघितलाही पाहिजे, आणि मग तिला स्वतःच्याच डोळ्यांवर विश्वास ठेवता येऊ नये.

मराठीतली वाक्यं

इथे मराठी लेखकाच्या हातात फार मोठं भांडवल आहे आणि ते वापरलं जात नाही, संवाद वाचले की इंग्रजी सिरीज ऐकल्यासारखं वाटतं. आपल्या भाषेत ‘म्हणे’ हा दोन अक्षरांचा शब्द आहे, ‘ती म्हणे काल त्याच्या गाडीतनं उतरली’, यात सांगणाऱ्यावर कसलीच जबाबदारी नाही, कोण म्हणे ते कुणी विचारत नाही. तसंच ‘कप फुटला’, ‘सांगायचं राहून गेलं’, ‘तेवढं बोललं गेलं माझ्याकडनं’, या सगळ्यांत कर्ता गायब. कळलाव्याच्या तोंडी स्वतःच्या चुका कायम अशा आपोआप घडतात आणि दुसऱ्याच्या चुका मात्र कर्त्यासकट येतात, ‘तू फोडलास’, ‘तू विसरलीस’. हे नुसतं व्याकरणाने केलं तरी वाचकाला नाव न घेता कळतं.

मग आपण आणि आम्ही. ‘आपण असं करू या’ म्हटलं की समोरचा आत येतो, ‘आम्ही ठरवलंय’ म्हटलं की तोच माणूस दाराबाहेर. हे आत घेणं आणि बाहेर काढणं एकाच संभाषणात दोनतीनदा झालं की माणूस आत राहायला काहीही कबूल करतो. रोज अगं तुगं करणारी सासू एके दिवशी सुनेला ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणते, आवाज चढवत नाही, आणि सून दिवसभर आपलं काय चुकलं ते शोधत बसते. शिवाय ती ओळखीची वाक्यं, ‘माझं काय, मी आज आहे उद्या नाही’, ‘जाऊ दे, मी बोलले की वाईट दिसतं’, ‘मी आपलं सांगायचं काम केलं’. यातलं एकही वाक्य कोर्टात उभं केलं तर निर्दोष सुटेल.

पण एक सांगायला हवं, हीच वाक्यं खरोखर दमलेली, एकटी पडलेली बाईसुद्धा बोलते. म्हणून वाक्यावरनं पात्र ठरत नाही. त्या वाक्यानंतर दर वेळी कुणाचं काम होतं आणि कुणाचं राहतं, हे चारपाच प्रसंगांत दिसत गेलं की ठरतं.

कारण किती सांगायचं

शकुनीचे फासे त्याच्या बापाच्या हाडांचे होते आणि त्याला कुरुवंशाचा सूड घ्यायचा होता, ही गोष्ट घरोघरी माहीत आहे, पण व्यासांच्या महाभारतात ती नाही, लोकांनी नंतर जोडली. लोकांना कारण लागतं. इयागो स्वतःच दोनतीन कारणं सांगतो, बढती कॅसिओला मिळाली, बायकोबद्दल संशय आहे, आणि त्यातलं एकही त्याच्या कृत्याएवढं मोठं वाटत नाही, इंग्रज कवी आणि समीक्षक कोलरिजने तर त्याला कारणं शोधत फिरणारा निष्कारण दुष्टावा म्हटलं होतं. माझ्या मते बालपणीचा एक जखमी प्रसंग टाकून सगळं उलगडून दाखवण्यापेक्षा त्याला रोज काय मिळतं ते दाखवावं. कुणीतरी आपल्यावाचून निर्णय घेऊ शकत नाही ही गोष्ट फार गोड असते, आणि असे लोक दुष्टपणाच्या आनंदात नसतात, बहुतेकांना वाटतं आपण घर सावरतोय.

नजर कुणाची घ्यायची त्यावरही बरंच ठरतं. इयागो प्रेक्षकांशी एकट्याने बोलतो, म्हणून आपण त्याच्या कटात सामील होतो आणि ओरडून सांगता येत नाही म्हणून तळमळतो. डाफ्ने द्यू मोरिएच्या ‘रेबेका’ या कादंबरीत, तीही १९३८ चीच, उलट आहे, सगळं नव्या बायकोच्या तोंडून कळतं. घर सांभाळणारी मिसेस डॅन्व्हर्स तिला पार्टीसाठी भिंतीवरच्या एका चित्रातला पोशाख सुचवते, ती हौसेने शिवून घेते, जिना उतरते आणि नवरा पांढराफटक पडतो, कारण मेलेल्या पहिल्या बायकोने तोच पोशाख घातला होता. आपल्यालाही तिच्याबरोबर जिना उतरल्यावरच कळतं. टीव्ही मालिकांत मात्र भुवई उडते, संगीत वाजतं, बाई कोपऱ्यात जाऊन कॅमेऱ्याला बेत सांगते आणि घरातल्या बारा जणांना काही दिसत नाही. तिथे नजर प्रेक्षकाचीही नाही आणि फसणाऱ्याचीही नाही, म्हणून भीती वाटत नाही.

उघडकीला येणं

पकडला गेला, सगळ्यांसमोर कबुली दिली, रडला, असा शेवट वाचकाला हवा असतो पण या पात्राला तो शोभत नाही. इयागोला विचारतात का केलंस, आणि नाटकातल्या नायकापेक्षाही ज्याच्या वाट्याला जास्त ओळी आहेत तो माणूस सांगतो की यापुढे मी एक शब्द बोलणार नाही. बोलणं हेच त्याचं हत्यार होतं, ते तो खाली ठेवतो आणि ऑथेल्लोला उत्तर मिळत नाही.

मंथरेचा शेवट त्याहून वेगळा. दशरथ गेलेला, राम वनात, आणि ही चंदन लावून, दागिने घालून दारात येते. शत्रुघ्न तिला धरून फरफटवतो, दागिने जमिनीवर विखुरतात, रामाला कळलं तर तो आपल्याशी बोलणार नाही म्हणून भरत त्याला थांबवतो. सुटलेली मंथरा धावत कैकेयीच्या पायाशी जाऊन पडते. नवरा गेला, पोटचा मुलगा तोंड बघायला तयार नाही, आणि अशा वेळी कैकेयी तिला जवळ घेऊन हळूहळू शांत करते.