समाजकार्यात एमबीए आलं कुठून?

स्वयंसेवी संस्थांच्या नोकरीच्या जाहिरातींत ‘एमएसडब्ल्यू किंवा एमबीए’, म्हणजे समाजकार्याची किंवा व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी, असं आता सर्रास छापलेलं असतं. पन्नास वर्षांपूर्वी ही दोन शिक्षणं एका ओळीत कुणी लिहिली नसती. समाजकार्याचं शिक्षण आपल्याकडे आधीचं. मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटांच्या नावाने त्याची शाळा निघाली, तीच पुढे ‘टिस’, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्था, झाली. व्यवस्थापन शिकवणाऱ्या कोलकाता आणि अहमदाबादच्या आयआयएम १९६१ च्या. तिथली मुलं कंपन्यांत जायची, आणि त्यात वावगं काही नव्हतं. त्या संस्था त्यासाठीच काढलेल्या होत्या.

या दोन वाटा जुळल्या त्या दुधामुळे. १९७० मध्ये देशातलं दूध वाढवण्याचा ‘ऑपरेशन फ्लड’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि गुजरातेतल्या आणंदच्या सहकारी संघाच्या धर्तीवर जिल्ह्याजिल्ह्यांत दूध संघ उभे राहू लागले. दूध काही तासांत नासतं. रोज दोन वेळा संकलन, फॅट तपासणी, टँकर, शीतकरण, शेतकऱ्याचं पेमेंट, हे सगळं घड्याळावर चालवायला माणूस लागतो. शिवाय त्याचे मालक म्हणजे शेतकऱ्यांनी निवडून दिलेलं संचालक मंडळ. शहरातला व्यवस्थापक तिथे टिकेना आणि नुसत्या तळमळीच्या कार्यकर्त्याला हिशेब पेलेना. या कार्यक्रमाचे सूत्रधार वर्गीस कुरियन यांनी मग १९७९ मध्ये आणंदलाच ‘इर्मा’ ही ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था काढली. तिथे वित्त आणि विपणन शिकायचं, आणि अभ्यासाचा भाग म्हणून खेड्यात जाऊन राहायचंही. गंमत म्हणजे मिळायची ती पदवी नव्हेच, पदविका. आयआयएमचंही तेच होतं. त्यांना पदव्या देण्याचा अधिकार २०१७ च्या कायद्याने मिळाला.

व्यवस्थापनाचं शिक्षण फक्त कंपन्यांच्याच कामी यावं, हे खुद्द अहमदाबादच्या आयआयएममध्येही कुणाला तरी टोचत होतं. पहिले पूर्णवेळ संचालक रवी मथाई यांनी १९७२ मध्ये पद सोडलं, प्राध्यापक म्हणून तिथेच राहिले आणि १९७५ पासून राजस्थानात, अजमेर जिल्ह्यातल्या जवाजा भागात विणकर आणि चर्मकारांबरोबर काम करू लागले. आपलं व्यवस्थापनशास्त्र या माणसांच्या काही उपयोगाचं आहे का, हे त्यांना पाहायचं होतं. संचालकाच्या खुर्चीवरून उठून असा प्रश्न स्वतःला विचारणारी माणसं मला फार दिसत नाहीत.

या गोष्टीत जामखेडही आहे. मूळचे उत्तराखंडचे दीप जोशी एमआयटीतून अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन शिकून परतले आणि पुण्यात सिस्टिम्स रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये काम करू लागले. त्या काळात ते जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांच्याकडे गेले. अमेरिकेत उच्च शिक्षण घेतलेल्या या डॉक्टर दांपत्याने १९७० पासून दुष्काळी भागात आरोग्याचं काम मांडलं होतं, गावातल्या निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं होतं. चांगलं शिकलेलं डोकं आणि माणसांविषयीची माया एकाच जागी असली तर काय होतं, ते जोशींना तिथे दिसलं. आयआयएम अहमदाबादचे विजय महाजन यांच्यासारख्या मंडळींबरोबर त्यांनी घडवलेली ‘प्रदान’ ही संस्था १९८३ ची. चांगल्या कॉलेजांतून मुलं उचलायची आणि थेट गावात धाडायची, ही तिची रीत. आरोळेंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला १९७९ मध्ये. जोशींना बरोबर तीस वर्षांनी.

पुढचा टप्पा पैशाचा. ‘टिस’ने २००७ मध्ये सामाजिक उद्योजकतेचा एमए सुरू केला. मग २०१३ चा कंपनी कायदा आला: ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. देणगीदाराच्या जागी कंपनीचा सीएसआर विभाग, म्हणजे हा सामाजिक खर्च सांभाळणारा विभाग, आला आणि त्याला प्रस्ताव, बजेट, काम मोजायचे निर्देशक असं सगळं तक्त्यात लागू लागलं. एमबीएचा भाव खरा वाढला तो इथे. तो गावाला हवा होता की कंपनीला, याचं उत्तर प्रत्येक संस्थेत वेगळं मिळेल. फीसाठी लाखांचं कर्ज काढलेल्या मुलाला मात्र हप्त्याचा विचार आधी करावा लागतो. ‘इर्मा’तूनही अनेकजण बँका आणि कंपन्यांकडे वळले, त्यात नवल नाही.

२०२५ मध्ये संसदेने कायदा करून ‘इर्मा’चं त्रिभुवन सहकारी विद्यापीठात रूपांतर केलं. नाव खेडा जिल्हा दूध संघ उभारणाऱ्या त्रिभुवनदास पटेलांचं. आता आणंदला पदविकेऐवजी पदवी मिळू शकेल.